उंदरांची बिळं मोजणारं राज्य

धान्याच्या सरकारी कोठारात उंदरांची किती बिळं सापडली तर कोठारावरच्या अंमलदाराला दंड करायचा? तीन किंवा जास्त असतील तर एका ढालीइतका दंड. दोन किंवा कमी असतील तर नुसती कानउघाडणी. आणि बिळं अगदी पिटुकल्या उंदरांची असतील तर? तशी तीन मिळून एक धरायचं.

हा विनोद नाही, कायदा आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात चीनच्या पश्चिमेकडच्या छिन राज्यात कारकुनांसाठी प्रश्नोत्तरांच्या रूपात तो लिहून ठेवलेला होता. याच छिन राज्याने इ.स.पू. 221मध्ये उरलेली सहा राज्यं गिळून पहिलं चिनी साम्राज्य उभं केलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत ते साफ कोसळलं. एवढ्या वेगाने चढलेलं आणि एवढ्या वेगाने पडलेलं दुसरं राज्य चिनी इतिहासात शोधावं लागेल.

छिनची आठवण मला होते ती आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर. कुठे काही भयंकर घडलं, की तासाभरात कुणीतरी लिहितं, ‘अशांना भर चौकात फाशी द्या.’ त्याखाली दुसरा, ‘चीनमध्ये बघा, कायदा म्हणजे कायदा.’ मग तिसरा, बहुधा निवृत्त झालेला, ‘एक वर्ष दंडुक्याचं राज्य आणा, सगळे सुतासारखे सरळ होतील.’ छडी लागे छमछम, विद्या येई घमघम हे आपल्या हाडीमांसी इतकं खिळलंय, की शाळेतली छडी गेली तरी मनातली जात नाही. या मंडळींचा संताप मला खोटा वाटत नाही. ज्याची केस बारा वर्षं कोर्टात पडून आहे, त्याला ‘कडक’ या शब्दाचं आकर्षण वाटणारच. माझं म्हणणं इतकंच आहे, की चीनचं नाव घ्यायचंच असेल तर आधी त्या पंधरा वर्षांचा हिशेब बघू. जगात कडक कायद्याचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात पद्धतशीर प्रयोग तिथेच झाला होता.

या प्रयोगाबद्दल दोन ठरीव मतं आहेत. एक म्हणतं, कायदा कडक होता म्हणून छिन जिंकलं. दुसरं म्हणतं, कायदा क्रूर होता म्हणून छिन बुडालं. दोन्हीकडचे लोक मापतात ती शिक्षेची जाडी. मला वाटतं माप वेगळं घ्यायला हवं. तो कायदा खालून वर कुठवर पोचत होता, ते बघायला हवं.

सुरुवात करायची ती शांग यांगपासून. हा मूळचा छिनचा नव्हे. वेई राज्यातून नशीब काढायला आलेला, बुद्धीने तल्लख, मनाने कोरडा. छिनचा राजा श्याओ याने त्याला मोकळा हात दिला आणि इ.स.पू. 356 आणि 350मध्ये त्याने सुधारणांच्या दोन फेऱ्या केल्या. कायदे तयार होते, पण लोक विश्वास ठेवतील का, ही त्याला शंका होती. म्हणून त्याने राजधानीच्या बाजाराच्या दक्षिण दरवाजाशी एक लाकडी खांब उभा केला, सात-एक मीटरचा, आणि दवंडी पिटली, ‘हा जो कोणी उचलून उत्तर दरवाजाशी नेईल त्याला दहा मापं सोनं.’ कुणी हललं नाही. एवढ्याशा कामाला एवढं सोनं, म्हणजे यात काहीतरी पाणी मुरतंय. त्याने बक्षीस पन्नासवर नेलं. एकाने धीर करून खांब उचलला, नेऊन ठेवला आणि त्याला तिथल्या तिथे पन्नास मिळाले. मग शांग यांगने कायदे जाहीर केले.

ही गोष्ट सांगताना लोक पुढच्या शिक्षांवर घसरतात. मी मात्र त्या खांबापाशी थांबतो. शांग यांगला शिक्षेचं बळ ठाऊक होतंच, पण त्याआधी सरकारचा शब्द खरा असतो हे पटवणं त्याला गरजेचं वाटलं. आपल्याकडे कडक कायद्याची मागणी करणाऱ्यांच्या यादीत हा खांब कधीच नसतो.

पुढचे कायदे खरोखर कडक होते. पाच-पाच, दहा-दहा घरांचे गट बांधले. गटातल्या एकाने गुन्हा केला आणि बाकीच्यांनी कळवला नाही, तर त्यांनाही शिक्षा. लढाईत शत्रूचं मुंडकं आणलं तर दर्जा वाढणार. राजघराण्यातला असला तरी रणात काही केलं नसेल तर त्याचं नाव राजकुळाच्या नोंदीतून बाद. म्हणजे जन्माने मिळालेली गादी आणि कर्तृत्वाने मिळालेलं पद यातली भिंत त्याने फोडली, आणि तीही नीतीवर भर देणाऱ्या कन्फ्यूशियसच्या कुठल्याही शिष्याला न जमलेल्या धडाक्याने. खुद्द युवराजाने कायदा मोडला तेव्हा शांग यांग म्हणाला, कायदा चालत नाही कारण वरचे तो मोडतात. पण गादीच्या वारसाला शिक्षा कशी करणार? मग युवराजाचा एक गुरू दंडाला सामोरा गेला, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर गोंदण डागलं.

इथे बारीक बघा. कायदा वर चढत चढत युवराजाच्या दाराशी गेला, आणि तिथे जाऊन बाजूच्या माणसावर कोसळला. पुढच्या दीडशे वर्षांची कथा मला या एका प्रसंगात दिसते.

दुसरा प्रसंग त्याहून बोलका आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. नवे कायदे आले तेव्हा हजारो लोक राजधानीत येऊन ते गैरसोयीचे आहेत अशी तक्रार करत होते. काही वर्षांनी घडी बसली. रस्त्यात पडलेली वस्तू कुणी उचलेना, डोंगरात दरोडेखोर उरले नाहीत. तेव्हा पूर्वी तक्रार करणाऱ्यांपैकीच काही जण येऊन म्हणाले, ‘कायदे फार चांगले आहेत.’ शांग यांग म्हणाला, हेच लोक घडी बिघडवतात, आणि त्याने या सगळ्यांना सरहद्दीवर हद्दपार केलं. निंदा केली म्हणून नव्हे, स्तुती केली म्हणून! कायद्याबद्दल बोलणं हाच गुन्हा होता. सिमा छ्येन हा इतिहासकार पुढे एकच वाक्य लिहितो, यानंतर आज्ञांची चर्चा करायला कुणी धजावलं नाही.

इ.स.पू. 338मध्ये राजा वारला, तोच युवराज गादीवर आला आणि शांग यांगवर बंडाचा आरोप आला. तो पळाला. सरहद्दीजवळच्या खानावळीत रात्रीपुरता आसरा मागितला. खानावळवाल्याला तो कोण ते ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, ‘ओळखीचा पुरावा नसलेल्याला ठेवून घेतलं तर शांग साहेबांच्या कायद्याने मला शिक्षा होईल.’ शेवटी शांग यांग मारला गेला, त्याचं शरीर रथांना बांधून फाडलं. त्याचे कायदे मात्र छिनने एका दिवसासाठीही बंद केले नाहीत.

इथपर्यंतची गोष्ट ग्रंथांतली, आणि ते ग्रंथ छिन बुडाल्यावर हान राजवटीत लिहिले गेले. हानला छिन काळंकुट्ट दाखवण्यात रस होता. खुद्द सिमा छ्येनने एका पराभूत सेनापतीची बाजू घेतली म्हणून बादशहाने त्याला खच्ची करण्याची शिक्षा दिली होती. कठोर कायद्याबद्दल त्याला प्रेम वाटणं अवघडच. त्यामुळे दोन हजार वर्षं छिनबद्दल आपण जे ऐकलं ते एका बाजूच्या वकिलाचं म्हणणं होतं.

दुसऱ्या बाजूचा कागद जमिनीत होता. 1975च्या अखेरीस हूबेई प्रांतातल्या युनमंग तालुक्यात, शुइहूदी नावाच्या ठिकाणी, चर खणताना जुन्या कबरी लागल्या. अकरा नंबरच्या कबरीत शी नावाचा एक माणूस होता. इ.स.पू. 262चा जन्म, आयुष्यभर जिल्ह्या-तालुक्याच्या पातळीवर कायद्याचं काम केलेला, सेहेचाळिशीच्या आसपास वारलेला. त्याच्या शवपेटीत जडजवाहीर नव्हतं. डोक्याशी, कुशीला, पोटावर, पायांशी बांबूच्या अकराशेहून अधिक पट्ट्या होत्या, त्यांवर शाईने लिहिलेले कायदे, प्रश्नोत्तरं, तपासाचे नमुने. जन्मभर दप्तर सांभाळलेला माणूस दप्तर घेऊनच गेला. गंमत म्हणजे तेव्हा चीनमध्ये कन्फ्यूशियसला झोडपण्याची आणि छिनच्या कायदेवाद्यांना, म्हणजे शांग यांगसारख्यांना, डोक्यावर घेण्याची सरकारी मोहीम जोरात होती. पट्ट्यांनी कुणाचीच सोय पाहिली नाही.

काय निघालं त्यातून? उंदरांची बिळं सुरुवातीला सांगितली. नांगराच्या बैलाची छाती फितीने मोजायची, आणि कामाने ती जितके इंच घटेल तितके दहा-दहा फटके जबाबदार माणसाला. उलट बैलांच्या तपासणीत पहिला नंबर आला तर अंमलदाराला एक सुरई दारू आणि सुक्या मांसाची जुडी. एकाने दुसऱ्याच्या झाडाची तुतीची पानं चोरली, किंमत एका नाण्याचीही नाही, तर काय? तीस दिवस बिनमजुरीचं काम. पाच जणांनी मिळून एक नाणं जरी चोरलं तरी डावा पाय तोडायचा, चेहरा गोंदायचा आणि तटबंदीच्या बांधकामावर जन्मठेपेची मजुरी. तेव्हा क्रूरता होती, ती मी लपवत नाही.

पण त्याच गठ्ठ्यात हेही आहे. चौकशी कशी करावी? जबाब लिहून घेऊन, त्याचा माग काढून, मारहाण न करता खरं बाहेर काढलं तर उत्तम. मारून काढलं तर हलकं काम. भीती घातली तर चौकशी फसली म्हणून समजावं. बावीसशे वर्षांपूर्वी एका कठोर म्हणून बदनाम राज्यातल्या फौजदाराला दिलेली ही सूचना आहे. एका घरफोडीचा तपासनमुना तर मी चारदा वाचला. रात्री भिंतीला भोक पाडून कुणीतरी एक अंगरखा नेलाय. अधिकारी भोकाची उंची-रुंदी मोजतो, मातीवरचे गुडघ्यांचे आणि हातांचे ठसे मोजतो, प्रत्येकी सहा. मग शेजाऱ्यांना विचारतो, अंगरखा होता का? ते सांगतात, होता, नवा होता, किनार रेशमी होती, आत अस्तर कशाचं ते माहीत नाही. एका साध्या माणसाच्या अंगरख्यासाठी राज्य एवढं वाकून जमीन बघत होतं. आपल्याकडे मोबाइल चोरीची तक्रार द्यायला गेलेल्या कुणालाही विचारा, हेवा वाटेल.

म्हणजे छिनचं यश रक्तबंबाळ शिक्षांनी मिळालेलं नव्हतं. ते मोजण्यातून, लिहिण्यातून, तपासण्यातून आलं होतं. वजनकाटा चुकीचा असला तर दंड अंमलदाराला. बैल रोडावला तर जाब त्याच्या रखवालदाराला. शिक्षांचं मोठं ओझं खालच्या नि मधल्या नोकरशाहीवरच होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात म्हटलंय, की कडक दंड देणाऱ्याला लोक विटतात, सौम्य दंड देणाऱ्याला जुमानत नाहीत आणि यथायोग्य दंड देणारा पूज्य होतो. शीच्या पट्ट्यांमधला बराचसा कायदा या तिसऱ्या प्रकाराकडे झुकलेला दिसतो, आणि हे मान्य करायला छिनच्या टीकाकारांना जड जातं.

अर्थात दप्तर आलं की दप्तरदिरंगाईही आली. 2002मध्ये हूनान प्रांतात लीये इथल्या एका जुन्या विहिरीतून छत्तीस हजारांच्या आसपास पट्ट्या निघाल्या, एका आडवळणी तालुका कचेरीची सगळी रद्दी. त्यात यांगलिंग नावाच्या तालुक्यातल्या शिपायांच्या थकलेल्या दंडाचा पत्रव्यवहार आहे. एकाकडे 8064 नाणी बाकी. इ.स.पू. 214मध्ये यांगलिंगची कचेरी लिहिते, माणूस दोंगथिंग जिल्ह्यात पहाऱ्यावर आहे, कुठल्या तालुक्यात ते माहीत नाही, घरचे गरीब आहेत, भरू शकत नाहीत, तरी तिकडून वसुलीचं बघावं. पुढच्या वर्षी स्मरणपत्र, ‘अद्याप उत्तर नाही, पाठपुरावा व्हावा.’ त्याच्या पुढच्या वर्षी दोंगथिंगहून तालुक्याला आदेश, नियमानुसार कारवाई करून कळवा. सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण आपण आपलीच समजत होतो.

आणि ज्या शिपायांच्या जिवावर हे सगळं चाललं होतं, त्यांचाही आवाज शुइहूदीच्याच चार नंबरच्या कबरीत सापडला. हेईफू आणि चिंग हे दोघे भाऊ इ.स.पू. 223च्या सुमारास छू राज्याविरुद्धच्या मोहिमेवर होते. घरी भावाला पाठवलेली त्यांची लाकडी पाटीवरची पत्रं मिळाली आहेत. हेईफू लिहितो, आईने गावात कापडाचा भाव बघावा. स्वस्त असेल तर उन्हाळ्याचे कपडे शिवून पैशांबरोबर पाठवावेत, महाग असेल तर नुसते पैसे पाठवावेत, मी इथे कापड घेईन. चिंगने कुणाकडून तरी उसने घेतलेले पैसे संपवलेत. तो लिहितो, घरून आले नाहीत तर मेलो, लवकर, लवकर, लवकर. पहिल्या सम्राटाची विश्वविजयी फौज ती हीच, अंगावरचे कपडे आईकडून मागवणारी.

आता पावसाकडे येऊ, कारण सगळा वाद तिथे येऊन ठेपतो. इ.स.पू. 209च्या पावसाळ्यात नऊशे लोकांची एक तुकडी उत्तरेच्या पहाऱ्यावर निघाली होती. दाझश्यांग या गावाशी पावसाने रस्ते तुटले. ठरल्या दिवशी पोचणं अशक्य झालं. सिमा छ्येन सांगतो, उशिराला कायद्याने शिरच्छेद होता. तुकडीतला चेन शंग हा शेतमजूर आणि त्याचा सोबती वू ग्वांग यांनी हिशेब केला. पळालो तरी मरण, बंड केलं तरी मरण. मग बंडच करू. ‘राजे, सरदार, सेनापती, प्रधान यांची काय वेगळी जात असते?’ असं चेन शंगने सोबत्यांना विचारलं, आणि साम्राज्य पेटलं.

शीच्या कबरीतल्या पट्ट्या काढून बघा. वेठीच्या कामावर तीन ते पाच दिवस उशीर झाला तर कानउघाडणी. सहा ते दहा दिवस, एक ढाल दंड. त्याहून जास्त, एक चिलखत दंड. आणि पुढे स्पष्ट शब्द आहेत, पावसापाण्यामुळे जमलं नाही तर ती वेठच रद्द.

जाणकारांत यावर वाद आहे. वेठीचा नियम वेगळा, लष्करी पहाऱ्याचा वेगळा असेल. शी वारल्यानंतर कायदा बदलला असेल. सिमा छ्येनने किंवा चेन शंगने मुद्दाम वाढवून सांगितलं असेल. यातलं काहीही खरं असू शकतं. पण एक गोष्ट या सगळ्यांत सारखीच उरते. त्या नऊशे जणांनी ‘शिरच्छेद’ ऐकलं आणि एकानेही ‘छे, असं कसं होईल?’ म्हटलं नाही. शांग यांगच्या काळात सरकारचा शब्द खरा आहे हे पटवायला खांब उभारावा लागला होता. दीडशे वर्षांनी सरकार काहीही वाईट करेल यावर लोकांचा विनाखांब विश्वास बसला होता. कायद्यात पाऊस धरलेला असो वा नसो, कचेरीत जाऊन ‘साहेब, पाऊस होता’ असं सांगता येतं ही कल्पनाच त्यांना सुचली नाही.

आणि सुचली असती तर? वरच्या टोकाला काय चाललं होतं ते बघितलं, की त्यांचा अंदाज चूक म्हणवत नाही. पहिला सम्राट स्वतः कामसू होता. रोज अमुक वजनाचे कागद, म्हणजे बांबूच्या पट्ट्या, तराजूत तोलून घ्यायचा आणि तेवढे संपल्याशिवाय उठायचा नाही. वजन सुमारे तीस किलो. हा माणूस आळशी नव्हता, मूर्खही नव्हता. पण सगळं त्या एका तराजूत यायचं आणि त्या तराजूला कुणी वजन तपासनीस नव्हता. इ.स.पू. 213मध्ये त्याने जुन्या ग्रंथांची होळी करवली. दुसऱ्या वर्षी राजधानीतल्या चारशेहून अधिक विद्वानांना मारलं. थोरला मुलगा फूसू म्हणाला, हे बरं नव्हे. त्याला उत्तर सरहद्दीवर पाठवून दिलं.

इ.स.पू. 210मध्ये सम्राट प्रवासात वारला. खोजा झाओ गाओ आणि प्रधान ली स यांनी बातमी दाबली. उन्हाळ्याचे दिवस, प्रेताचा वास लपवायला सोबतच्या गाड्यांत खारे मासे भरले. फूसूच्या नावे खोटं फर्मान निघालं, ‘जीव दे.’ आपल्याकडे ‘ध चा मा’ झाला म्हणतात तसाच हा प्रकार. सोबतच्या मंग थियान सेनापतीला संशय आला. तो म्हणाला, आधी खातरी करून घ्या. फूसू म्हणाला, बापाने मुलाला मर म्हटल्यावर खातरी कसली करायची, आणि त्याने जीव दिला. कोठारातल्या तीन बिळांची तपासणी करणाऱ्या राज्यात, गादीच्या वारसाला मरणाचं फर्मान आलं तर ते तपासायची रीत नव्हती.

धाकटा हूहाई गादीवर बसला. बंडाची बातमी घेऊन पूर्वेकडून एक दूत आला. बादशहा संतापला, दूत तुरुंगात. पुढच्या दूताला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘नुसते चोर आहेत सरकार, तिथले अधिकारी पकडताहेत, सगळे सापडले, काळजी नको.’ बादशहा खूश. दोन प्रधान आणि एक सेनापती यांनी अर्ज केला, महालाचं बांधकाम थांबवा, वेठ कमी करा. तिघेही अटकेत. दोघांनी आत्महत्या केली, तिसरा ली स. त्याला इ.स.पू. 208मध्ये कमरेतून कापलं. वधस्तंभाकडे जाताना तो मुलाला म्हणाला, पिवळा कुत्रा घेऊन गावाच्या पूर्ववेशीबाहेर सशांच्या मागे जावंसं वाटतं, आता कुठलं ते. दुसऱ्या वर्षी झाओ गाओने दरबारात एक हरीण आणलं आणि म्हणाला, हा घोडा. बादशहा हसला, म्हणाला, प्रधानजी, चुकताय. दरबाऱ्यांना विचारलं. काही गप्प बसले, काही घोडा म्हणाले, काही हरीण म्हणाले. हरीण म्हणणाऱ्यांना झाओ गाओने नंतर गुपचूप कायद्यात अडकवलं. सिमा छ्येनचा शब्द तोच आहे, ‘कायद्याने’. शीसारख्या कारकुनांनी जन्मभर घासून पुसून ठेवलेलं हत्यार शेवटी या कामाला आलं.

हरणाची गोष्ट सजवलेली असेल, कबूल. पण दूताच्या गोष्टीतली यंत्रणा कुठल्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. वरच्याला आवडेल तोच आकडा वर जातो.

हे आधीच सांगणारा एक माणूस होता, असं कन्फ्यूशियसचे चाहते म्हणतील. त्याचं वचन प्रसिद्ध आहे. लोकांना हुकमांनी चालवलं आणि शिक्षांनी ताळ्यावर ठेवलं तर ते शिक्षा चुकवतील, त्यांना लाज वाटणार नाही. वचन सुंदर आहे आणि खोटंही नाही. पण त्याच कन्फ्यूशियसला एका सरदाराने सांगितलं, आमच्याकडचे लोक इतके सरळ, की बापाने मेंढी चोरली तर मुलगा साक्ष देतो. तो म्हणाला, आमच्याकडचा सरळपणा वेगळा, बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला. घरापुरतं हे मीही समजू शकतो. पण हे तत्त्व कचेरीत आलं, की ‘आपला माणूस’ आलाच, आणि त्याचं काय होतं ते आपल्याला चीनकडून शिकायची गरज नाही. मेंढी ज्याची गेली त्याने कुठे जायचं? शांग यांगकडे निदान त्याला उत्तर होतं.

हानच्या संस्थापकांना हे कळलेलं दिसतं. छिन पडल्यावर लिऊ बांगने, म्हणजे हानच्या पहिल्या बादशहाने, लोकांना तीनच नियम सांगितले. खून केला तर मरण, जखमी केलं किंवा चोरी केली तर त्या मानाने शिक्षा. बाकी छिनचा कायदा रद्द. लोकांनी जल्लोष केला. पण बाकीचे सरदार सोनंनाणं लुटत होते तेव्हा त्याचा कारभारी श्याओ ह छिनच्या कचेऱ्यांतले कायद्याचे दस्तऐवज आणि नकाशे गाडीत भरत होता. तीन नियमांत राज्य चालेना तेव्हा त्यानेच जुन्यावरून नवी संहिता बांधली. झांगज्याशानच्या कबरीतून निघालेला इ.स.पू. 186चा हान कायदा शीच्या पट्ट्यांशेजारी ठेवला तर पुष्कळ ठिकाणी भावंडं वाटतात. कायदा बराचसा तोच, आणि राज्य टिकलं चारशे वर्षं, मधल्या एका खंडासह. म्हणून छिन कायद्यामुळे बुडालं हे मला पटत नाही.

मग फरक कशात पडला? पुष्कळ कारणं सांगतात, वेठ कमी झाली, करभार घटला, लढाया थांबल्या. ती खरीच आहेत. मला त्यात एका प्रसंगाचीही भर घालाविशी वाटते. मराठी वाचकाला तो वाचताना रामशास्त्री प्रभुणे आठवतील, नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला तोंडावर दोषी म्हणणारे. मलाही आठवले.

हानचा वन नावाचा बादशहा वेई नदीवरच्या पुलावरून चालला होता. पुलाखालून एकाएकी एक माणूस धावत बाहेर आला आणि रथाचे घोडे बुजले. माणसाला पकडून न्यायखात्याचा मुख्य झांग शिझी याच्याकडे दिलं. तो माणूस म्हणाला, स्वारी येतेय म्हणून रस्ता मोकळा करायला सांगितला तेव्हा मी पुलाखाली लपलो, बराच वेळ गेला, स्वारी गेली असेल वाटलं, बाहेर आलो तर समोर रथ, म्हणून पळालो. झांगने निकाल दिला, दंड. बादशहा खवळला. माझे घोडे गरीब म्हणून वाचलो, दुसरे असते तर मी पडलो असतो, आणि तुम्ही नुसता दंड करता?

झांग म्हणाला, कायदा हा बादशहाचा आणि साऱ्या जगाचा मिळून आहे. आज कायदा एवढंच सांगतो. यापेक्षा जड शिक्षा केली तर लोकांचा कायद्यावर विश्वास राहणार नाही. मग त्याने असंही म्हटलं, की त्याच क्षणी आपण त्याला मारून टाकलं असतं तर प्रश्न मिटला असता. म्हणजे तेवढी पळवाट त्यालाही बादशहासाठी मोकळी ठेवावी लागली, आणि ती तशीच दोन हजार वर्षं राहिली. पण आता प्रकरण माझ्याकडे आलंय, तो म्हणाला, आणि हे खातं म्हणजे देशाचा तराजू आहे. तो एकदा झुकला तर सगळीकडचे तराजू झुकतील, लोकांनी हातपाय ठेवायचे कुठे?

बादशहा कितीतरी वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ‘निकाल बरोबर आहे.’

पुलाखालच्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.